सुरगाठ आणि निरगाठ : हायड्रोजन बंधाचे विद्युत्‌रासायनिक नियंत्रण

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचा विचार करताना बडनेऱ्याचा उल्लेख टाळता येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. त्याच मार्गावरील बडनेरा स्थानकापासून निघणाऱ्या फाट्याने पुढे अमरावतीची कापसाची पेठ मुंबई बंदराशी जोडली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदुस्थानच्या कापसास जी अकल्पित मागणी आली तिने वऱ्हाडच्या शेतीचे स्वरूपच पालटले. पुढे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने या भागात उभे राहिले आणि खुद्द बडनेऱ्यात कापडगिरणीही निघाली. कापूस, सूत आणि कापड या तीन अवस्थांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यांच्या पुढची अवस्था रंगाची. कापसाच्या पांढऱ्या तंतूवर निळीचा रंग चढतो आणि वर्षानुवर्षे टिकतो, ही घटना रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे तिच्यातील कोडे सहसा लक्षात येत नाही.

ते कोडे असे. नीळ पाण्यात विरघळत नाही. एक लिटर पाण्यात ती जेमतेम एक मिलिग्रॅम उतरते. न विरघळणारा पदार्थ तंतूच्या अंतरंगात शिरणार कसा? आणि तो विरघळेल अशी काही युक्ती केली, तर धुण्याच्या पहिल्याच पाण्यात तो निघून का जात नाही? जुन्या रंगाऱ्यांनी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कृतीने दिले होते. निळीच्या कुंडात नीळ आपले रूप पालटते, पिवळसर हिरवी होऊन विरघळते, तंतूत शिरते, आणि कापड वर काढून हवेत धरले की पुन्हा निळी व अविद्राव्य होते. ही कृती म्हणजे रेणूंच्या परस्पर आकर्षणावर इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीने ठेवलेले नियंत्रण होय. गेल्या काही दशकांत रसायनशास्त्रात हायड्रोजन बंधांचे विद्युत्‌रासायनिक नियंत्रण या नावाने जो विषय पुढे आला आहे, त्याकडे जाण्याची ही वाट वऱ्हाडी वाचकास जवळची वाटेल. प्रस्तुत लेखात त्या विषयाची मूलतत्त्वे, आणि ती सांगण्यासाठी मराठीत उपलब्ध असलेली शब्दसामग्री, या दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

१. बंधांचे दोन प्रकार

मराठीत गाठीचे दोन प्रकार सांगितले जातात : निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ सहजी सुटत नाही, तिला कापावेच लागते. सुरगाठ काम होईपर्यंत पक्की राहते, पण टोक ओढताच उकलते. रेणूंच्या जगात या दोन्ही गाठी आढळतात. एकाच रेणूतील अणूंना जोडणारा सहसंयुजी बंध ही निरगाठ होय. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्यामधला असा बंध तोडण्यास दर मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते. हायड्रोजन बंध ही सुरगाठ. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांसारख्या इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या अणूस जोडलेला हायड्रोजन काहीसा धन विद्युत्‌भारित होतो आणि शेजारच्या दुसऱ्या ऑक्सिजनाच्या किंवा नायट्रोजनाच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीकडे खेचला जातो. या आकर्षणाची ऊर्जा सर्वसाधारणपणे मोलमागे १० ते ४० किलोज्यूल एवढीच असते. नेहमीच्या तापमानास रेणूंच्या उष्णताजन्य हालचालीची ऊर्जा मोलमागे सुमारे २.५ किलोज्यूल असते. म्हणजे हायड्रोजन बंध त्या हालचालीस पुरून उरतो, पण थोड्या प्रयत्नाने तो मोडताही येतो.

लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० साली पाण्याच्या गुणधर्मांचा उलगडा करताना ही कल्पना मांडली. पुढे लायनस पॉलिंग यांच्या १९३९ सालच्या रासायनिक बंधावरील ग्रंथाने तिला रसायनशास्त्रात भक्कम स्थान मिळवून दिले. जेथे हायड्रोजन पुरविला जातो ती बाजू दाता, आणि जेथे तो स्वीकारला जातो ती बाजू ग्राही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. बंधास दोन्ही बाजू लागतात, आणि त्यांपैकी एकीचे बळ बदलले की बंधाचेही बळ बदलते. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

कापूस स्वतःच हायड्रोजन बंधांनी बांधलेली वास्तू आहे. शुष्क कापसाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची हजारो दुव्यांची लांब साखळी. प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते शेजारच्या घटकांशी व साखळ्यांशी हायड्रोजन बंध जोडतात. एकेक बंध दुबळा असला तरी असंख्य बंधांच्या एकत्रित बळामुळे तंतू पाण्यात विरघळत नाही. उलट, त्याच हायड्रॉक्सिल गटांमुळे पाणी तंतूत शिरते आणि सुती कापड घाम टिपते. निळीचीही गोष्ट अशीच आहे. निळीचा रेणू लहान, रेणुभार केवळ २६२. तरीही तिचा वितळबिंदू सुमारे ३९० अंश सेल्सिअस आहे. स्फटिकात तिचा प्रत्येक रेणू आपल्या नायट्रोजनवरील हायड्रोजन आणि कार्बोनिल गटातील ऑक्सिजन यांच्या द्वारे चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. निळीचे रेणू परस्परांत असे गुंतलेले असल्याने पाण्याच्या रेणूंना त्यांच्यात शिरकाव मिळत नाही.

२. ओळख पटणे

असंख्य रेणूंच्या गर्दीत एखादा रेणू ठरावीक दुसऱ्या रेणूशीच बांधला जातो, या घटनेस रेणवीय अभिज्ञान म्हणतात. एमिल फिशर यांनी १८९४ साली विकर आणि शर्करा यांच्या संबंधास कुलूप-किल्लीची उपमा दिली. डॅनियल कॉशलँड यांनी १९५८ साली दाखवून दिले की विकराचे कुलूप ताठर नसते, ते किल्लीबरोबर थोडे आकार बदलते. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी मांडलेल्या डीएनएच्या रचनेने हायड्रोजन बंध हे अभिज्ञानाचे साधन असल्याचे ठसठशीत उदाहरण पुढे आणले. तेथे ॲडेनीनची थायमीनशी दोन बंधांनी आणि ग्वानीनची सायटोसीनशी तीन बंधांनी जोडी जमते, कारण एकीचे दाते दुसरीच्या ग्राहींसमोर नेमके येतात. कृत्रिम रेणूंत असे अभिज्ञान घडवून आणण्याच्या कार्याबद्दल पेडरसन, क्रॅम व लेन यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे शब्दांचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. रेणूला मन नाही, स्मृती नाही, मग तो ओळखतो असे म्हणणे कितपत योग्य? मराठीच्या वाक्यरचनेत या शंकेचे उत्तर दडलेले आहे. मराठीत ‘त्याने तिला ओळखले’ असे म्हणता येते, तसेच ‘ओळख पटली’, ‘खूण पटली’ असेही म्हणता येते. दुसऱ्या रचनेत जाणणारा कर्त्याच्या स्थानी नसतो, ओळख हीच कर्ता असते. ‘पटणे’ या क्रियापदाचा अर्थ जुळणे असा आहे, आणि जुळण्यास दोन बाजू लागतात. रेणूंच्या बाबतीत जे घडते त्याचे वर्णन करण्यास ही रचना अत्यंत सोयीची आहे. ‘अभिज्ञान’ हा संस्कृत शब्दही अर्थाने संपन्न आहे. कालिदासाच्या नाटकाच्या नावात तो ओळखीच्या खुणेशी, म्हणजे अंगठीशी, निगडित आहे. शकुंतला तीच आणि दुष्यंतही तोच, परंतु अंगठी हरवली की ओळख पटत नाही, आणि सापडली की पटते. रेणवीय अभिज्ञानाचे नियंत्रण समजून घेण्यास हे उदाहरण कुलूप-किल्लीहून अधिक उपयोगी पडते. कारण कुलूप आणि किल्ली यांच्यात एकदा जुळलेले सदैव जुळते. येथे मात्र रेणू तोच असूनही एका खुणेच्या असण्या-नसण्याने त्याची ओळख पटते वा पटत नाही. विद्युत्‌रसायनशास्त्रात ही खूण म्हणजे इलेक्ट्रॉन.

३. इलेक्ट्रॉनाची खूण

रेणूस इलेक्ट्रॉन मिळणे यास क्षपण आणि त्याने इलेक्ट्रॉन गमावणे यास ऑक्सिडीकरण म्हणतात. क्षपण हा शब्द नवख्या विद्यार्थ्यास गोंधळात टाकतो. इलेक्ट्रॉनाची भर पडत असता तिला क्षयवाचक नाव का? मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘माघारी आणणे’ असा आहे. खनिजातून धातू परत मिळविण्याच्या क्रियेस तो शब्द लावला गेला. त्या क्रियेत ऑक्सिजन घटतो, आणि मराठी संज्ञेने हा घट नेमका टिपला आहे. इलेक्ट्रॉनाचा शोध पुष्कळ नंतरचा. इलेक्ट्रॉन मिळाल्याने रेणूवरील धन भार घटतो असे मनात धरले म्हणजे क्षपण ही संज्ञा आजच्या अर्थासही जुळते.

क्विनोन या वर्गातील संयुगांत कार्बोनिल गटाचे ऑक्सिजन हायड्रोजन बंधाचे ग्राही असतात. विद्युत् भाररहित अवस्थेत त्यांची ग्राहकता सामान्यच असते. अशा क्विनोनास विद्युत् अग्रावर एक इलेक्ट्रॉन दिला की तो ऋण भारित मूलक-आयन बनतो. तो ऋण भार मुख्यतः ऑक्सिजनांवर वावरतो आणि त्यामुळे त्यांची हायड्रोजन ओढण्याची शक्ती एकदम वाढते. सॅन डिएगो येथील डायेन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या तत्त्वाचे एक सोपे उदाहरण मांडले. ज्यात दोन कार्बोनिल गट शेजारी-शेजारी आहेत अशी क्विनोने त्यांनी घेतली. त्यांच्यासमोर युरियाचे असे अनुजात ठेवले की ज्यांचे नायट्रोजनवरील दोन हायड्रोजन त्या दोन ऑक्सिजनांसमोर येतात. क्विनोन भाररहित असता हा संबंध क्षीण असतो, क्षपण होताच तो बळकट होतो, आणि इलेक्ट्रॉन काढून घेतला की पुन्हा सैल पडतो. त्यापूर्वी, १९९५ साली, विन्सेंट रोटेलो यांच्या गटाने फ्लेव्हिन या जीवरासायनिक रेणूच्या प्रतिकृतीवर असाच परिणाम दाखविला होता.

हे बळ मोजावयाचे कसे? बंधाचे बळ आणि क्षपणाचे विद्युत् वर्चस् यांचा संबंध एका चौकोनाने दाखविता येतो. चौकोनाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर सुटा रेणू, एकदा ऑक्सिडीकृत आणि एकदा क्षपित. खालच्या दोन कोपऱ्यांवर तेच दोन्ही, पण जोडीदाराशी बांधलेले. आडव्या बाजू इलेक्ट्रॉनाच्या, उभ्या बाजू बंधाच्या. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कोणत्याही मार्गाने गेले तरी ऊर्जेतील एकूण फरक सारखाच असला पाहिजे. म्हणून क्षपित रूप जोडीदाराशी अधिक घट्ट बांधले जात असेल, तर जोडीदाराच्या सान्निध्यात क्षपण अधिक सुलभ झालेच पाहिजे, म्हणजे त्याचे वर्चस् धन दिशेस सरकले पाहिजे. २५ अंश सेल्सिअस तापमानास या सरकण्यातील दर ५९ मिलिव्होल्ट म्हणजे बंधाच्या समतोलांकात दसपट वाढ. ११८ मिलिव्होल्टांनी तो शंभरपट, १७७ मिलिव्होल्टांनी हजारपट होतो. द्रावणात जोडीदार मिसळण्यापूर्वी व नंतर वर्चस् चढवीत-उतरवीत प्रवाह मोजला की हा फरक आलेखावर थेट वाचता येतो. या पद्धतीचा पाया यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली शोधलेल्या पोलॅरोग्राफीने घातला. त्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चौकोन उलट दिशेनेही वाचता येतो. वर्चस् बदलून बंध घट्ट वा सैल करता येतो, तसेच बंध घडवून वर्चस् बदलता येते. सजीवांत ही दुसरी रीत सर्रास आढळते. फ्लेव्हिन धारण करणाऱ्या निरनिराळ्या प्रथिनांत फ्लेव्हिन जवळजवळ सारखेच असते. तथापि भोवतालच्या हायड्रोजन बंधांच्या आणि भारांच्या मांडणीमुळे त्याचे क्षपण-वर्चस् प्रथिनागणिक शेकडो मिलिव्होल्टांनी वेगळे पडते, आणि त्यानुसार एकच रेणू भिन्नभिन्न कामे करतो.

या नियंत्रणास एक मर्यादा आहे. दात्याची बाजू फार आम्लधर्मी असली तर क्षपित ग्राही हायड्रोजन केवळ ओढून थांबत नाही, तो प्रोटॉन साफ आपल्याकडे घेतो. अशा वेळी सुरगाठीची निरगाठ होते, आणि इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर पूर्वस्थिती त्याच मार्गाने व तितक्याच सहजतेने येईल याची खात्री राहत नाही. म्हणून दाता पुरेसा समर्थ, पण प्रोटॉन सोडून देणार नाही इतका संयमी, असा निवडावा लागतो. या शास्त्रातील बरेचसे कौशल्य या निवडीत आहे.

४. कुंडातील नीळ

आता पुन्हा निळीकडे वळू. तिच्या रेणूतही दोन कार्बोनिल गट आहेत. कुंडात तिला दोन इलेक्ट्रॉन मिळतात. त्याबरोबर कार्बोनिलांचे रूपांतर होऊन क्षारधर्मी द्रावणात त्या ऑक्सिजनांवर ऋण भार येतो. नायट्रोजनवरील हायड्रोजन आणि कार्बोनिल यांच्या ज्या जोडीने स्फटिक बांधला होता, तीतील ग्राही बाजू पूर्वीची राहत नाही. ऋण भारित रेणू परस्परांस दूर लोटतात आणि पाण्याचे रेणू त्या ऑक्सिजनांशी बंध जोडतात. नीळ विरघळते ती यामुळे. विरघळलेले हे रूप चपटे असून सेल्युलोजच्या साखळ्यांना चिकटण्याची त्यास ओढ असते. द्रावणाची क्षारता सुमारे ११ पीएचच्या आसपास राखली तर ही ओढ विशेष दिसून येते. कारण तेथे रेणूवर एकच ऋण भार असलेले रूप प्रबळ असते. कापड हवेत येताच प्राणवायू ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, मूळ निळीचे परस्पर बंध पुन्हा जुळतात, आणि तंतूत शिरलेली नीळ तेथेच अडकून पडते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्मिथ किंवा रोटेलो यांच्या प्रयोगांत एक विशिष्ट दाता आणि एक विशिष्ट ग्राही यांचीच ओळख पटते. कुंडात मात्र भार, विद्राव्यता, हायड्रोजन बंध आणि रेणूंमधील इतर क्षीण आकर्षणे यांचा एकत्र खेळ चालतो. म्हणून निळीचे कुंड हे अभिज्ञानाचे शुद्ध उदाहरण म्हणता येणार नाही. पण इलेक्ट्रॉन देऊन बंध मोडावयाचे आणि इलेक्ट्रॉन काढून घेऊन ते पुन्हा जुळवावयाचे, हे मूलतत्त्व दोन्ही ठिकाणी एकच आहे.

रसायनशास्त्राच्या शब्दकोशातही निळीने आपला माग ठेवला आहे. संस्कृतातील ‘नील’ अरबीत जाऊन ‘अन्‌-नील’ झाले, पोर्तुगीजात ‘अनिल’. १८४० साली फ्रिट्शे यांनी निळीवर क्षाराची प्रक्रिया करून मिळविलेल्या द्रवास त्यावरूनच ‘ॲनिलीन’ हे नाव दिले. बायर यांनी १८८३ साली निळीची संरचना निश्चित केली, आणि १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ कारखान्यातून बाहेर पडू लागली. हिंदुस्थानातील निळीच्या शेतीस त्यानंतर उतरती कळा लागली.

५. विद्युत् अग्र आणि वऱ्हाडचे पाणी

जुन्या कुंडात क्षपणाचे काम सूक्ष्मजीव करीत. आंबवणाच्या क्रियेत त्यांच्याकडून निळीस इलेक्ट्रॉन मिळत. विसाव्या शतकात त्यांची जागा सोडियम डायथायोनाइट या क्षपणकाने घेतली. ते भरवशाचे आहे, पण एकदाच कामी येते. त्याच्यापासून सल्फाइट, सल्फेट, थायोसल्फेट इत्यादी लवणे उरतात आणि रंगशाळेच्या सांडपाण्यात जातात. या रसायनाऐवजी ऋणाग्राकडूनच निळीस इलेक्ट्रॉन द्यावेत, ही कल्पना त्यामुळे आकर्षक ठरते. तीत अडचण अशी की घनरूप निळीचे कण विद्युत् अग्रास नीट भिडत नाहीत. ऑस्ट्रियातील थॉमस बेख्टोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात यावर मध्यस्थाचा उपाय पुढे आणला. लोहाचे एक विद्राव्य संयुग अग्राकडून इलेक्ट्रॉन घेते, ते निळीच्या कणास पोहोचविते, आणि रिकाम्या हाती परत अग्राकडे येते. मध्यस्थ खर्ची पडत नाही, त्याच द्रावणात तो पुनःपुन्हा वापरता येतो. शिवाय वर्चस् मोजून क्षपण हवे तेवढेच ठेवता येते.

हा प्रश्न वऱ्हाडास केवळ पुस्तकी नाही. बडनेऱ्याच्या पश्चिमेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. दर्यापूरसारख्या तालुक्यांत भूजल मुळातच खारे, पिण्यास व ओलितास प्रतिकूल. अशा प्रदेशात सांडपाण्यातून येणाऱ्या प्रत्येक लवणाचा हिशेब ठेवणे भाग आहे. दुसरीकडे, कापूस येथे पिकावा आणि त्याचे वस्त्र अन्यत्र व्हावे, ही जुनी स्थिती बदलण्याचे प्रयत्नही चालू आहेत. अमरावतीस मंजूर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. कापसाबरोबर रंगाई येथे आली, तर रंगाईच्या रसायनाचा प्रश्नही तिच्याबरोबर येईल. विद्युत्‌रासायनिक क्षपणाने तो सर्वस्वी सुटतो असे नव्हे. क्षार आणि उरलेला रंग तेव्हाही पाण्यात राहतात, आणि विजेचा खर्च येतो. तरी लवणांचा एक मोठा वाटा मुळातच उत्पन्न होऊ नये, अशी वाट त्याने दाखविली आहे.

तेव्हा या विषयाचे शिक्षण मराठीतून व्हावयाचे तर संज्ञांची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे. बंधास स्थिर वस्तू मानणारी भाषा येथे अपुरी पडते. दाता व ग्राही यांचे बळ अवस्थेनुसार बदलते, आणि बंध हा त्या दोघांमधील त्या क्षणीचा संबंध असतो, हे संज्ञांतून सूचित व्हावे. ‘रेणवीय अभिज्ञान’ ही संज्ञा शास्त्रीय लेखनात राहू द्यावी, मात्र वर्गात ती समजावून देताना ‘ओळख पटणे’ हा प्रयोग हाताशी ठेवावा. सुरगाठ व निरगाठ हे शब्द पारिभाषिक कोशात नसतील, पण ज्या प्रांतात कापसाच्या गाठी बांधल्या जातात तेथील विद्यार्थ्यास या दोन शब्दांवरून दोन बंधांतील भेद समजण्यास वेळ लागणार नाही. आणि तो भेद समजला, की एका इलेक्ट्रॉनाने गाठ कशी आवळते आणि कशी सुटते, या प्रश्नाकडे तो स्वतःच वळू शकेल.